बुवांका उठव गो

माझं कामच मुळी अविश्वासाचं. अंधेरीच्या एका कंपनीत मी नेटवर्क सांभाळते. कुणी म्हणालं, "मॅडम, वायर नीट लावलीय," तर मी आधी जाऊन वायर बघते. "काल तर चालत होतं," असं म्हणणाऱ्यावर तर मुळीच विश्वास ठेवायचा नाही, हे मी नव्या पोरांना पहिल्याच दिवशी सांगते. अशा बाईला तिच्या सख्ख्या आईने कित्येक महिने बनवलं, आणि तेही नेटवर्कवरच! आठवलं की अजून डोकं सटकतं.

आमचे बाबा गिरणीत होते आणि भजनी बुवा होते. गिरणी गेली, भजन राहिलं. कोकणातल्या माणसांची मुंबईत जिथे जिथे वस्ती, तिथे तिथे त्यांची डबलबारी व्हायची, म्हणजे दोन बुवा समोरासमोर बसून रात्रभर एकमेकांना गाण्यातून चिमटे काढणार. बाबा चिमटे काढण्यात पटाईत. त्या सगळ्याच्या कॅसेटी आणि व्हिडिओ कॅसेटी घरात पडून होत्या. बाबा गेल्यावर मी त्या एकेक करून संगणकावर उतरवल्या. बुरशी आलेल्या, गुंता झालेल्या, काही तर पेन्सिलीने फिरवून सरळ केलेल्या. जे वाचलं ते वाचलं.

आई दिंडोशीच्या घरात एकटी राहिली. मी मुलुंडला, भाऊ बोरिवलीला. मी तिला सारखी म्हणायचे, आई, माझ्याकडे चल. नुसतं तोंडदेखलं नाही हो, खिडकीपाशी तिची खाट टाकून ठेवली होती, नवऱ्याने स्वतः पंखा बदलून घेतला होता. तिचं एकच, "ह्या घर सोडून मी खंय्यच जावचंय नाय. हय तुझ्या बापाशीचो आवाज आसा." दोन-तीनदा रडारड झाली, मग मी हट्ट सोडला. म्हटलं, घर सोडायचं नाही ना तुला, बरं. मग बाबांचा आवाज तरी खरोखरचा त्या घरात ठेवते. मी आणि भावाने तेव्हा ठरवलंही होतं, आई त्या घरात राहील, आणि तिला हलवायची वेळ आलीच तर दोघांनी मिळून ठरवायचं. त्याने मान डोलावली होती. मान डोलवायला काय जातंय?

मग मी एक छोटा संगणक घेतला, त्यात बाबांची सगळी भजनं भरली आणि तो टीव्हीच्या मागे बसवला. उठला की आपोआप भजन लावायचा. पण तो दिवसभर चालू ठेवला तर तापायचा, आणि त्याचं बटण दाबायला आईला टीव्हीच्या मागे हात घालावा लागायचा. तिला ते जमेना. एकदा तिने बटणाऐवजी वायरच उपटली. म्हणून मी तो झोपवून ठेवायची सोय केली. झोपला तरी असल्या मशीनचा एक कान जागा असतो. नेटवर्कवरून त्याचा स्वतःचा नंबर परत परत पुकारला की तो ओळखतो आणि उठतो. तो पुकारा मी ऑफिसातून माझ्या मोबाइलवरून करायचे. घरचा राउटर तो आत पोचवायचा. अर्धा-एक तास कुणी हात लावला नाही की मशीन आपलं आपण परत झोपायचं.

दुपारी जेवणखाण आटपलं की आईचा तिच्या मोबाइलवरून फोन यायचा. बायकोने नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणून ती बाबांना सगळा जन्म 'बुवा' म्हणाली, आणि मग मशीनलाही तेच म्हणायला लागली. "बुवांका उठव गो." मी मोबाइलवर टिचकी मारायचे. पण या पुकाऱ्याची एक गंमत आहे, तो एकतर्फी असतो. पोचला की नाही, उठला की नाही, मशीन उलट काही कळवत नाही. म्हणून मी विचारायचे, "उठले का?" आणि ती म्हणायची, "उठले गो. दिसतत." मग दोन मिनिटं काय जेवलीस, काय नाही, आणि फोन बंद. ऑफिसातल्या पोरी हसायच्या. म्हणायच्या, मॅडम, सासरेबुवांना उठवलं का? मी म्हणायचे, सासरे नाही गं, माझा बाप. माझ्या अख्ख्या दिवसात ती दोन मिनिटं माझी होती.

मशीन उठलं की नाही हे मला ऑफिसात बसूनही तपासता आलं असतं. एक कमांड टाकली की झालं. पण समोर आई 'उठले' म्हणतेय ना! आईला कोण तपासतं?

गेल्या वर्षी भावाला मुलगा झाला. भाऊ-वहिनी दोघंही नोकरीवाले, वहिनीची रजा संपत आली. मी विचारलं, बाळाचं काय करणार रे? तो म्हणाला, "बाई मिळाली. एकदम घरच्यासारखी आहे." मी म्हटलं, झकास, नशीबवान आहेस.

त्याच सुमाराला आईचा आवाज बसला. म्हणजे मला तसं वाटलं. दुपारच्या फोनवर ती अगदी हळू बोलायला लागली, कुजबुजल्यासारखं. मी विचारलं तर म्हणाली, "घसो जरा धरलोहा." मी ज्येष्ठमध पाठवला. हळद पाठवली. घशाच्या डॉक्टरचा नंबर लावला, तो तिने दोनदा चुकवला. रविवारी मी दिंडोशीला जायचे तेव्हा तिचा आवाज ठणठणीत असायचा. मी म्हणायचे, बघ, ज्येष्ठमधाने गुण आला. ती म्हणायची, "होय गो, इलो."

रविवारी घरात बाकी काय काय दिसत होतं, ते आता एकेक आठवतं. गॅसचा सिलिंडर संपतच नव्हता. मी म्हटलं, या खेपेला भारी पुरला गं. फ्रिजमध्ये दूध आणि कोथिंबिरीची जुडी, बास. ती म्हणायची, एकट्या माणसाला किती लागतं? खिडकीतली सदाफुली सुकली. म्हणाली, ऊन फार. कुणाच्या शब्दावर साधी वायरही नीट न मानणारी बाई मी, सगळं मानत गेले.

मग तो दिवस आला. ऑफिसात आमचा सर्व्हर आडवा झाला होता. सगळा मजला माझ्या टेबलाभोवती गोळा झालेला, बोंबाबोंब चाललेली, आणि त्यातच आईचा फोन. "बुवांका उठव गो." मी एका खांद्याने फोन धरला, दोन्ही हात कीबोर्डवर, आणि सवयीने म्हणून टाकलं, "हां, उठवलं. उठले का?"

"उठले गो. दिसतत."

फोन ठेवला. काम मार्गी लागल्यावर मोबाइल बघितला आणि लक्षात आलं, मी टिचकी मारलीच नव्हती.

पहिलं मनात काय आलं असेल? मशीन बिघडलं. नेटवर्कवाल्याच्या मनात दुसरं काही येतच नाही. वाटलं, झोपतच नसेल, दिवसभर चालू राहत असेल, तापून जळायचं एखाद दिवशी. म्हणून दुसऱ्या दिवशी तिचा फोन यायच्या आधी ती कमांड टाकून बघितली. मशीन गाढ झोपलेलं. आईचा फोन आला. मी मुद्दाम काहीच केलं नाही. म्हटलं, "उठवलं. उठले का?"

"उठले."

"काय लावलंय आज?"

"गजर लावल्यानी हा. पखवाज बघ कसो वाजता."

मी परत कमांड टाकली. मशीन झोपलेलंच. पखवाज वाजतोय म्हणे! आईला भास होतायत, मला दुसरं काही सुचलंच नाही. त्या रात्री मी नवऱ्यापाशी रडले. म्हटलं, आईचं डोकं फिरायला लागलं, आता तिला तिथे एकटी ठेवायची नाही, काही झालं तरी उचलून आणायची. त्याने माळ्यावरून तिच्यासाठी ठेवलेली नवी गादी खाली काढली.

दुसऱ्या दिवशी अर्धी सुट्टी टाकून रिक्षा केली आणि दिंडोशी गाठलं. दाराला कुलूप. बेल मारून उपयोग नव्हता तरी मारली. समोरच्या काकूंनी दार उघडलं. बाबांच्या पहिल्या डबलबारीपासून आम्हाला ओळखणारी बाई.

"अगं तू? आज कशी? आज रविवार नाही ना."

"आई कुठे गेली?"

काकूंचं तोंड बघण्यासारखं झालं. "मला वाटलं तुला माहितीय. त्या आता बोरिवलीलाच असतात ना, बाळाकडे. रविवारी सकाळी भाऊ गाडीने आणून सोडतो, रात्री घेऊन जातो."

म्हणूनच रविवारी तो मला तिथे कधी दिसला नाही. मी यायच्या आत सोडायचा, मी गेल्यावर न्यायचा.

माझ्याकडची चावी लावून आत गेले. टीव्हीवर आईने विणलेला रुमाल टाकलेला, प्लग काढून ठेवलेला. देव्हाऱ्यात रविवारची जास्वंद वाळून काळी पडलेली. टीव्हीच्या मागे मात्र मशीनचा बारीक दिवा लुकलुकत होता. म्हणजे मी अंधेरीत बसून रोज दुपारी या रिकाम्या घरात त्याला उठवत होते. ते उठायचं, बंद टीव्हीत बापडं भजन लावायचं, आणि कुणी नाही बघून परत झोपायचं. आणि बोरिवलीत बसून माझी आई मला सांगायची, दिसतत!

भास आईला नाही, मला होत होते.

मला हसू आलं की रडू, मलाच कळेना. घरच्यासारखी बाई मिळाली म्हणे! केसाने गळा कापला माझा, दोघांनी मिळून. भावाचं एक वेळ समजू शकते, तो पहिल्यापासून आयत्या बिळावरचा नागोबा. पण आई? माझ्याकडे यायला तिला या भिंती सोडवेनात, आणि त्याच्याकडे जायला एका बॅगेत मावल्या?

मी टीव्हीचा प्लग लावला. आवाज बंद ठेवून खाली जमिनीवर बसले. फोनची वेळ झालीच होती. वाजला.

"बुवांका उठव गो." तीच कुजबुज.

मी टिचकी मारली. रुमालाखाली पडदा उजळला. मी रुमाल ओढून काढला. बाबा पांढऱ्या टोपीत बसलेले, डोळे मिटून, एक हात कानावर.

"उठले का?" मी विचारलं.

"उठले गो."

"दिसतात?"

"दिसतत तर. माझ्याकडेच बघतत."

मी रिमोट घेतला आणि आवाज सगळा वर केला. बाबांनी आलाप सोडला, मागून पखवाज, झांजा, खोली नुसती दणाणली. मी मोबाइल टीव्हीसमोर धरला. किती वेळ धरला होता कोण जाणे, मग मी बाबांना बंद केलं आणि फोन कानाला लावला.

"तू खंय आसस?" आईने विचारलं.

"मी घरात आहे. तू खंय आसस गो, आई?"

ती म्हणाली, "तुका वायट वाटात म्हणान नाय सांगूक."

"वाईट वाटेल म्हणून? आणि रोज दुपारी खोटं बोललीस ते? रोज! मी तुला किती वेळा म्हटलं माझ्याकडे चल. पाया पडले तुझ्या!"

"झील आसताना चेडवाच्या घरात कशी ऱ्हवतलंय गो? जावयाच्या दारात? लोक काय म्हणतले?"

"मुलगा असताना मुलीकडे राहिलीस तर लोक बोलतील? कुठले लोक? तुझी खाट घातलेली आहे माझ्याकडे! काल गादी काढली आम्ही! मला वाटलं तुला वेड लागलं, रात्रभर रडले मी तुझ्यासाठी!" माझा आवाज चढला, पार जिन्यापर्यंत गेला असेल. "तू माझी आई ना गं? एकदा, एकदा तरी खरं सांगायचंस! फोन का करत होतीस मग? का उठवायला लावत होतीस मला?"

"तुझ्याशी बोलाक," ती म्हणाली. "दुसऱ्या कसल्या निमतान तू दुपारची बोलतलीस माझ्याशी?"

"मग आता बोल ना! बोल! सांग मला, मी काय कमी केलं..."

तिकडे काहीतरी कुरकुरलं. बारीक, झोपेतलं. आईने फोन तोंडाजवळ घेतला असावा, तिचा श्वास ऐकू आला, आणि मग ती कुजबुज, जिच्यासाठी मी हळद पाठवली, ज्येष्ठमध पाठवला, डॉक्टर गाठला.

"हळू बोल गो बाय," ती म्हणाली. "बाळ निजलाहा. उठात."