बर्फाचा मुटका

कॅलिफोर्नियात, टाहोच्या बर्फाळ डोंगरातल्या पार्किंगमध्ये लेकीने स्कीच्या मेणाची लाल डबी उघडली आणि त्या डांबरट वासासरशी मी पंधरा वर्षं मागे, इथल्याच, स्कीवर चढ चढायच्या रेसला जाऊन पोचले.

स्कीच्या तळाला कोरड्या बर्फासाठी निळं मेण लावायचं, ओलसर बर्फासाठी लाल. चुकलं की चढावर पाय मागे घसरतात. आमच्या सनीव्हेलच्या ग्रुपने सकाळीच फोनवर टेम्परेचर बघून निळं लावलं होतं. पण ऊन चढत होतं. मी हातमोजा काढून बर्फ मुठीत दाबला, तर रव्याच्या लाडवासारखा मुटका झाला. मी निळं खरवडून लाल लावायला घेतलं.

"अगं, अ‍ॅप बघ ना यार," नवरा म्हणाला.

शेवटच्या चढावर तो आणि त्याचे मित्र हातपाय मारत मागे घसरत होते. दर वर्षी शेवटी येणारी मी त्यांच्या शेजारून ताठ मानेने वर गेले आणि आमच्यात पहिली आले.

"कसं ओळखलंस?" सगळ्यांनी विचारलं. लाडवाचं नाव काढायची तेव्हा लाज वाटली. "अंदाजाने," एवढंच म्हणाले.

"मॉम, ब्लू ऑर रेड?" लेक फोनकडे बघत विचारत होती.

"फोन ठेव, हातमोजा काढ," मी म्हणाले. "आधी तुला लाडू वळायला शिकवते."