निर्वातला डोळे नव्हते

निर्वात पुन्हा टीव्हीवर येणार ही बातमी बायकोनं पेपरातून वाचून दाखवली आणि काकांना चहा कडू लागायला लागला. येणार म्हणजे काय? निर्वात म्हणजे काका, आणि काका तर घरी सोफ्यावर बसले होते.

चाळीस वर्षांपूर्वी अंतराळातल्या एका मालिकेत निर्वात हा खलनायक होता. ग्रहांवरची हवा शोषून घ्यायचा. काळा झगा, करडा मुखवटा आणि आत काका. पोरंसोरं सोडाच, चांगले मिशीवाले बाप्ये उठून टीव्ही बंद करायचे. मग मालिका संपली आणि काकांनी तोच मुखवटा घालून दुकानांची उद्घाटनं केली, विनोदी कार्यक्रमांत कंबर हलवली, पंख्याच्या जाहिरातीत हवा खात बसले. निर्वातचं पार माकड झालं. केलं कुणी? काकांनीच. पण हे त्यांना सांगणार कोण, बायको सोडून? तिनं सांगितलं होतं, चांगलं दोनदा.

नव्या दिग्दर्शकाला निर्वातची दहशत परत आणायची होती. मुखवट्याच्या आत त्यानं घेतली एक पंचविशीतली पोरगी, कसरती करणारी. काकांना बोलावलं ते सल्लागार म्हणून. काकांचे गुडघे गेले होते हे खरं, पण एकदा नुसतं विचारायला काय जात होतं याचं? काका जळून खाक झाले. तरी इस्त्रीचा शर्ट घालून रोज तालमीला जायचे, कारण ती पोरगी कशी तोंडावर आपटते ते त्यांना डोळे भरून बघायचं होतं.

आणि ती आपटत होतीच. नव्या मुखवट्याला काळ्या काचेचे डोळे होते, आतून सगळं लख्ख दिसायचं. ती सरसर चालायची, गर्रकन वळायची, भिंतीवरून उडी घ्यायची. लोक वा वा करायचे, घाबरायचं मात्र कुणी नाही. एकदा तर चहावाल्यानं निर्वातची वाट अडवून साखर किती म्हणून विचारलं. दिग्दर्शकानं कपाळाला हात लावला. दुसऱ्या दिवशी वाहिनीचे साहेब चाचणी बघायला येणार होते. त्यांना भीती वाटली नाही, तर निर्वात मालिकेतून कायमचा बाद.

होऊ दे बाद, काका मनात म्हणाले. तिचा होण्यापेक्षा मेलेला बरा.

काय चुकतंय ते काकांना पहिल्या दिवशीच कळलं होतं. त्या काळी साचेवाल्यानं घाईघाईत मुखवटा ओतला आणि डोळ्यांची भोकं पाडायचाच विसरला. दुपारी चित्रीकरण. चालवून घ्या, म्हणाले सगळे. मग आवाजवाला कॅमेऱ्यामागून काठी आपटायचा आणि ठार आंधळे काका त्या रोखानं जायचे. प्रत्येक पावलाआधी थांबायचे, मान वाकडी करून कानोसा घ्यायचे. बघणाऱ्याला वाटायचं, हा आपला श्वास ऐकतोय. पुढे उद्घाटनांसाठी भोकं पाडली, आणि भीती गेली ती त्या भोकांतूनच. हे गुपित काकांनी त्या मंडळींबाहेर कुणापाशी काढलं नव्हतं, आताही काढणार नव्हते.

पण त्याच दिवशी जेवायच्या सुट्टीत पोरगी डबा घेऊन शेजारी येऊन बसली. म्हणाली, "काका, मी तुमचे सगळे भाग बघितलेत. पाऊल टाकायच्या आधी तुम्ही काहीतरी ऐकता. काय ऐकायचात?"

चाळीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. काका इतके सुखावले, की सगळं भडाभडा सांगून बसले. आणि लगेच जीभ चावली.

पोरीनं हातातला घास खाली ठेवला. मुखवट्याच्या काचांवर आतून काळी चिकटपट्टी लावली, काकांच्या हातात झाडूचा दांडा दिला आणि हॉलच्या पार टोकाला जाऊन उभी राहिली. काकांनी दांडा आपटला. ती थांबली, मान कलली, एक पाऊल आलं. पुन्हा ठोका, पुन्हा पाऊल. जे साधायला काकांना चार महिने लागले होते, ते या बयेला चौथ्या पावलात जमलं. छे, त्याहून चांगलं जमलं. काकांना ते बघवेना. वाटेत मधोमध लाकडी बाक होतं. काकांनी दांडा आपटायचं बंद केलं.

ती थांबली. मान एका बाजूला कलली, मग दुसऱ्या. मग हात पुढे आला, बाक चाचपलं, आणि बाकाला वळसा घालून ती सरळ काकांच्या रोखानं यायला लागली. काकांना कळलं, ही आपली धाप ऐकतेय. त्यांनी श्वास रोखला. ती हातभर अंतरावर येऊन उभी राहिली, आणि काका घाबरून दांडा छातीशी धरत मागे सरकले.

मुखवटा निघाला. आत घामेजलेली पोरगी. "काका, का थांबलात?"

खोटं बोलायलाही काकांत त्राण नव्हतं. "तू पडावीस म्हणून," ते म्हणाले.

तिनं बाहीनं तोंड पुसलं. मग म्हणाली, "उद्या साहेबांसमोरही असेच थांबा. मध्येच कधीतरी. मला न सांगता."

काकांनी मान डोलावली आणि दांडा घेऊन ते हॉलच्या दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन उभे राहिले.