फिनलंडच्या दोघांनी मला सोडवलं

ड्रमवरून मला उठवलं तेव्हा मला वाईट वाटलं नव्हतं. आमच्या नात्यात सगळे समजतात की वाटलं होतं, आणि मी त्यांना तसं समजू दिलं. आता पन्नाशी ओलांडली, म्हणून सरळ लिहितो: मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी नोकरीसाठी पुण्याहून बंगलोरला आलो आणि जे. पी. नगरला आत्याकडे राहिलो. आत्याच्या सासरचे लोक पिढ्यान्पिढ्या तिथले. घरात मराठीच, पण बोलता बोलता कन्नड शिरायचं. आतेभावाला सगळे अण्णा म्हणत, आतेबहिणीला अक्का. तो गिटार वाजवायचा, ती गायची आणि किबोर्ड सांभाळायची. त्यांचा मेटल बँड होता आणि मी आलो तेव्हाच त्यांचा ड्रमर दुसऱ्या बँडमध्ये निघून गेला होता. जेवताना मी ताटावर बोटं वाजवतो हे अण्णाने पाहिलं.

"झालं तर! मिळाला ड्रमर," तो म्हणाला. तेवढ्यात आत्याने माझ्या पानात आणखी एक गरम पोळी टाकली. नाही कसं म्हणणार?

मला लय धरता यायची नाही. गाणं रंगात आलं की मी पळत सुटायचो. एका कॉलेजच्या कार्यक्रमात मी इतका पुढे गेलो की अक्काला अर्धं कडवं गाळावं लागलं. घरी येताना स्कूटरवर अण्णा एवढंच म्हणाला, "स्वल्प घाई झाली बघ." त्यापेक्षा शिवी चालली असती. दर रविवारी गच्चीवरच्या खोलीत सराव असायचा आणि शनिवारपासूनच मी आजारी पडायची कारणं शोधायचो. सोडतो म्हणावं, तर बँडच बंद पडणार. आणि राहायचं, जेवायचं पुन्हा त्यांच्याच घरी.

अशात अण्णाचा एक मित्र कंपनीच्या कामासाठी फिनलंडला जाऊन आला. येताना त्याने एक सीडी आणली, तिकडेही फारशा कुणाला ठाऊक नसलेल्या एका जोडीचा पहिला अल्बम. कव्हरवर बर्फात उभे एक पुरुष, एक बाई. नावांतल्या अक्षरांच्या डोक्यावर टिंबं. अण्णाने कॉम्प्युटरवर सीडी लावली. आधी कारखाना सुरू झाल्यासारखे आवाज आले. पत्रे, हातोडे, वाफ. मग त्या खडखडाटावर व्हायोलिनांचा ताफा, कोरस, आणि मधूनच त्या बाईचा आवाज, गार आणि सरळ.

"एवढी माणसं एका खोलीत मावली कशी?" अक्का म्हणाली.

अण्णा आतली पुस्तिका वाचत होता. "दोघंच आहेत गं."

"आणि ड्रम कोण वाजवतंय?"

"कॉम्प्युटर."

कुणीच माझ्याकडे पाहिलं नाही. मीही फरशीकडे बघत बसलो, कारण मला हसू येत होतं.

त्यानंतर अण्णा माझ्याशी फार गोड वागायला लागला. माझ्या भातावर तूप वाढायची आत्याला आठवण करून द्यायचा. अक्काशी बोलता बोलता मी आलो की गप्प व्हायचा. त्याला काय सांगायचंय ते मला कळत होतं. एका वाक्यात त्याची सुटका करता आली असती. पण मी आधी बोललो असतो तर सोडून जाणारा ठरलो असतो. तो बोलला तर मी दुखावलेला ठरणार होतो. आणि दुखावलेल्या माणसाची घरात जास्त काळजी घेतात. मी थांबलो.

शेवटी एका संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दर्शिनी हॉटेलात उभ्याउभ्या कॉफी पिताना तो बोलला. "तुला राग येईल. पण आम्ही दोघंच करून बघावं म्हणतो. मशीन लावून." त्याचे डोळे भरले होते.

मी पेल्यात बघत म्हणालो, "बँड महत्त्वाचा, अण्णा." केवढा तो मोठेपणा! रात्री घरी गेलो तर आत्याने खीर केली होती. मी ती दोनदा मागून घेतली.

त्यांच्या नव्या कार्यक्रमाला मी पहिल्यांदाच समोर बसलो. ड्रमच्या मागे असताना अक्काचं गाणं मला कधी ऐकूच आलं नव्हतं, पुढची चूक कुठे होणार याचीच धास्ती असायची. केवढी गायली ती त्या दिवशी.

अण्णाला खरं सांगितलं ते परवा, फोनवर.

"म्हणजे तुला लागलं नव्हतं?"

"नाही रे. सुटलो होतो."

"सरी, बरं झालं," तो म्हणाला, आणि मोठा श्वास सोडल्याचं ऐकू आलं. "मी ती सीडी तुझ्यासमोर पुन्हा कधी लावली नाही, माहितीये? तू येणार म्हटलं की अजूनही उचलून ठेवतो."

आणि मला तो अल्बम किती आवडला होता! पण दुखावलेला माणूस तो मागणार कुठल्या तोंडाने?

"लाव ना आता," मी म्हणालो.

"आत्ता? थांब हं."

फोनमधून खडखडाट सुरू झाला. आतून बायको ओरडली, "कुणाचा मिक्सर चालू आहे?"

"अण्णाचा," मी म्हणालो आणि फोनचा आवाज वाढवला.