झाकणाचा कॅमेरा

देवानं या जगात झाकणं निर्माण केली ती माझ्या बायकोच्या मामांनी उघडून बघावीत म्हणून, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. न्हावऱ्याचा हा गृहस्थ बंद वस्तूवर विश्वासच ठेवू शकत नाही. चुलीवरचा भात शिजेपर्यंत झाकण इतक्या वेळा उचलतील की भात कंटाळून कच्चा राहतो. कांद्याचं रोप धरलं की नाही ते बघायला रोप उपटतात, बघून पुन्हा खोचतात, आणि ते मेलं की बियाणंच बोगस म्हणून दुकानदाराशी भांडायला जातात. उन्हाळ्यात माळ्यावर आंब्याची अढी घातली की मामींची निम्मी झोप उडते. मामा गवतात हात घातल्याशिवाय राहत नाहीत. "पिकला का बघत व्हतो," असं म्हणत खाली येतात आणि हातात दगडासारखा कच्चा आंबा. सत्तरी उलटली, पण या माणसानं स्वतःच्या अढीतला धड पिकलेला आंबा खाल्ला असेल असं मला वाटत नाही.

याच खोडीनं शेवटी घात केला. वडगाव रासाईची आक्का ही मामांची थोरली बहीण. आई लवकर गेली तेव्हा आक्कानंच मामांना कडेवर घेऊन वाढवलं. घरातल्या कुठल्याही लग्नाचा अल्बम काढा, आक्का त्यात सापडायची नाही, कारण ती कायम आचाऱ्याच्या डोक्यावर उभी. तिचे स्वस्थ बसलेले चार फोटो काय ते मामांच्या फोनमध्ये होते. आणि "ह्यात फोटू ऱ्हात्यात तरी कुठं?" हे बघायला मामांनी एका दुपारी स्क्रू ड्रायव्हर घेऊन तो फोन उकलला. फोन गेला, फोटोही गेले. त्यानंतर थोड्याच दिवसांनी आक्काच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं.

मामा तडक शिरूरला माझ्या दारात. "पाव्हणं, मला रोलचा कॅमेरा पायजे. जुना, स्वस्तातला, माझ्यासारख्या नवशिक्याला झेपंल असा. कागदावरचा फोटू कुणाच्या बापाला पुसता येत न्हाई." मी म्हटलं, अहो मामा, माझ्या फोनवर काढू की! तर म्हणाले, "तुमच्या फोनाचं झाकण उघडतं का? न्हाई ना? मग ऱ्हाऊ द्या."

दौंडला एका चाचांचा पूर्वी फोटो स्टुडिओ होता. त्यांनी कपाटातून एक कॅमेरा काढला आणि मामांनी तो बाजारात म्हैस बघावी तसा बघितला. उजेडाकडे धरून काचेत बुरशी आहे का ते पाहिलं, सेलच्या खणात हिरवा गंज शोधला, खटका दाबून कानाशी आवाज ऐकला. मागचं झाकण उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. असं सुखी मी त्यांना भाचीच्या लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं. तेवढ्यात चाचा मामांना म्हणाले, "आप्पा, एक ध्यानात ठेवा. रोल भरला का ह्ये झाकण उघडायचं न्हाई. उजेड लागला का रोल जळाला."

मामांचा चेहरा पडला. "अजिबात न्हाई? जरासं, फटीतनं?"

"फटीतनं बी न्हाई. छत्तीस फोटू झालं का रोल फुडं सरकवायची ही दांडी घट्ट हुती, मग माझ्याकडं आना. आन् भरताना रोलचं टोक ह्या चाकात नीट अडकवा. न्हाईतर दांडी वढत बसाल आन् रोल जागचा हलायचा न्हाई."

चाचा रोल भरून द्यायला तयार होते. पण भरलेला बंद कॅमेरा मांडीवर घेऊन वडगावपर्यंत आपल्याला दम निघणार नाही, हे मामांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून रोल तिथं जाऊनच भरायचं ठरलं, आणि तिथंच सगळं बिनसलं.

शुक्रवारी दुपारी आक्काला पुण्याला न्यायचं होतं. अंगणात ती खुर्चीवर बसली, नवं लुगडं, कपाळाला ठसठशीत कुंकू. मामांनी रोल भरला, झाकण मिटलं आणि अंगठा तिकडं जाऊ नये म्हणून वरून रुमाल करकचून बांधला. मी हळूच फोन काढला तर आक्काच म्हणाली, "जावईबापू, त्यो ठेवा आत. आज माझा भाऊच फोटू काढनार."

मामा काढत गेले. आक्का हसली, रुसली, "आरं, कंबर धरली माझी," म्हणून वैतागली. कॅमेऱ्यावरचा आकडा छत्तिसावर आला. मामांनी दांडी ओढली. ती लोण्यातून सुरी जावी तशी गेली. पुन्हा ओढली, पुन्हा गेली. मामांनी माझ्याकडं बघितलं. टोक अडकलंच नसेल, तर आत एकही फोटो नव्हता. आत्ता झाकण उघडलं तर रोल पुन्हा भरता आला असता, आक्का समोरच होती. पण टोक अडकलेलं असलं आणि उघडलं, तर होते नव्हते ते सगळे जळाले असते. चाचांना फोन लावला, तो बंद. शुक्रवारची दुपार, चाचा नमाजला गेलेले. इकडं आक्काचा मुलगा गाडीचा हॉर्न वाजवतोय, डॉक्टरांनी वेळ दिलेली.

"उघड की," आक्का म्हणाली. "कधी न्हाई ती लाज कशापायी?"

मामांनी रुमालाची गाठ सोडली. अंगठा झाकणाशी गेला. जन्मभर ज्या माणसाला "उघडू नका" म्हणून आम्ही ओरडलो, त्याला त्या क्षणी काय सांगावं ते मला कळेना.

"न्हाई, आक्का," मामा म्हणाले, आणि गाठ पुन्हा बांधली. "एकदा तुझ्या फोटूंची माती केली म्या. तू बरी हून ये. तुझ्या म्होरंच उघडीन."

आक्कानं त्यांच्या तोंडावरून हात फिरवला, बोटं कानशिलावर मोडली आणि गाडीत बसली.

ती पुण्याहून परत आली नाही.

दिवसकार्य झाल्यावर चाचांचा निरोप आला, रोल आणून द्या, धुवून देतो. मामा गेले नाहीत. मीही पुन्हा विषय काढला नाही. दांडी सैल गेली म्हणजे काय, ते मला कळतं आणि मामांना तर माझ्याआधी कळलं होतं.

यंदाच्या उन्हाळ्यात न्हावऱ्याला गेलो होतो. मामींनी आंबे काढायला माळ्यावर पाठवलं, मामाही मागून आले. अढी जशीच्या तशी होती, गवत कुणी हलवलेलं नव्हतं, आणि सगळ्या माळ्यावर पिकल्या आंब्यांचा वास भरला होता. अढीच्या शेजारी फळीवर कॅमेरा, त्यावर तोच रुमाल, तीच गाठ. धूळ झटकावी म्हणून मी सहज हात लावला, तर मामांनी माझं मनगट धरलं.

"असू द्या, पाव्हणं," ते हळूच म्हणाले. "पिकू द्या."