चित्रातलं राधानगरीचं धरण

ताईनं काढलेलं ते चित्र वर्षभर माळ्यावर पडून होतं, आणि त्याची जागा तिथंच आहे यावर आमच्या घराचं एकमत होतं. निळी खाट, खाटेला कोंबडीचे पाय, खाटेवर कुकर, कुकरच्या शिट्टीतून निघालेली लांबलचक वेणी आणि उरलेल्या जागेत सांडल्यासारखे रंग. ताई चित्रकलेच्या कॉलेजात होती. अर्थ विचारला की म्हणायची, "बघ की नीट." बघतोय कोण? मला काय दुसरे उद्योग नव्हते?

मग राधानगरीकडचं स्थळ आलं. ताईला शेवटचं वर्ष पुरं करायचं होतं, लग्न इतक्यात नको होतं. तिनं आप्पांना तसं सांगितलंही. आप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पाहुण्यांना रविवारचं बोलावणं धाडलं. बघायला येणाऱ्यांसमोर मुलीचं हातकाम मांडायची आमच्यात रीत. लोकांच्या पोरी मण्यांचे मोर करतात, लोकरीची तोरणं विणतात. आमच्या नशिबी ही खाट. शेवटी आप्पांनी चित्रावरची धूळ पुसून ते टीव्हीच्या वर टांगलं.

पोहे झाले. मुलाच्या मामांनी विचारलं, "हे काय म्हणायचं, पावणं?"

आप्पा म्हणजे जन्मात खोटं न बोललेला माणूस. पापणीही न हलवता म्हणाले, "तुमचंच धरण की. राधानगरीचं."

आता पाहुण्यांची पंचाईत. आपल्याच गावचं धरण ओळखू येईना, हे चारचौघांत सांगायचं कसं? मामांनी चष्मा चढवला आणि वेणीवरून बोट फिरवत म्हणाले, "हां, हे पाणी सोडलंय." मुलाला खाटेच्या पायांत दरवाजे दिसले. ते आपोआप उघडतात, हेही त्यानं आम्हाला समजावून सांगितलं. कुकरचं पॉवरहाऊस मी केलं. म्हटलं, आपलाही हातभार. ताई मान खाली घालून बसली होती. मुलगी बघायच्या कार्यक्रमात मुलीकडं बघायला कुणाला सवड नव्हती.

मुलाच्या आई तेवढ्या अजून बोलल्या नव्हत्या. त्या उठल्या, चित्राला नाक लागेल इतक्या जवळ गेल्या आणि बराच वेळ तिथंच उभ्या राहिल्या. मग खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवून मोठ्यानं म्हणाल्या, "ही नवरी हाय न्हवं? मग तोंड का न्हाय हिला?"

आम्ही सगळे वाकलो. अंगठ्याएवढी नवरी होती खरी. मुंडावळ्या, डोळे, नाक, सगळं जागच्या जागी. तोंड तेवढं काढलेलंच नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"रंग उडाला असंल," आप्पा घाईघाईनं म्हणाले.

बाईंनी त्यांच्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही. ताईच्या पुढ्यात येऊन बसल्या. "पोरी, तुला हे लगीन नको हाय व्हय?"

घरात तिला हे कुणी विचारलंच नव्हतं. तिनं आप्पांकडं बघितलं नाही, माझ्याकडंही नाही. "नको," म्हणाली, आणि त्या परक्या बाईच्या मांडीवर डोकं ठेवून रडायला लागली.