शिंपीमामांची चंद्रकोर

आमच्या गल्लीतले शिंपीमामा टेप वापरतात तो केवळ गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. माझं पोट किती इंच वाढलंय ते मी रस्ता ओलांडेपर्यंत सांगून मोकळे होतात, तेही चारचौघांत.

त्यांच्या उस्तादांनी मशीनच्या एकेका भागाला घरगुती नाव दिलं होतं. कापड दाबणारा पाय म्हणजे बेडूक. सुईचा दांडा म्हणजे आत्याबाई, कारण येता-जाता टोचायचं. सुईखालचा, धागा पकडणारा अर्धगोल तुकडा ही चंद्रकोर. मामांना चाळीस वर्षं दुसरी नावं लागली नाहीत. दुरुस्तीवालाही त्याच उस्तादांचा चेला. तो आता लेकीकडे राहायला गेलाय.

नेमकी सोमवारी चंद्रकोर तुटली. शनिवारी शाळेच्या बँडचे अठरा कोट द्यायचे होते, अकरा बाकी. उशीर झाला तर शाळेचं पुढचं सगळं काम समोरच्या नव्या दुकानाला जाणार होतं.

मामांनी मोबाइलवर सगळं काही विकणारी वेबसाइट उघडली आणि शोधाच्या चौकटीत लिहिलं, ‘चंद्रकोर तुटली, चांगली पाठवा, घाई आहे.’ चंद्रकोरीच्या आकाराचे, उशाशी लावायचे दिवे आले. मग ‘शिलाई मशीन’ लिहिलं, तर तेवीस हजार वस्तू आल्या.

मामी इस्त्री करत होत्या. टेलिफोन खात्यात चौकशीच्या टेबलावर तीस वर्षं काढलेली बाई. ‘कोपऱ्यावरच्या टकल्या डॉक्टरांचा नंबर द्या’ म्हणणाऱ्यांनाही त्यांनी नंबर दिलेत.

“अहो, तुम्ही त्याला गाऱ्हाणं सांगताय,” त्या म्हणाल्या. “त्याच्याकडे फक्त पाकिटांवरची नावं असतात. विकणाऱ्यानं पाकिटावर काय लिहिलं असेल, ते लिहा.”

“उस्ताद चंद्रकोरच म्हणायचे.”

“उस्ताद पाकिटं विकत नव्हते.”

मी हसलो. मामांनी माझ्याकडे बघितलं. माझी पँट त्यांच्याकडे शिवायला होती, मी हसू आवरलं.

बटणांच्या खणातून मामींनी मशीनचं जुनं माहितीपुस्तक काढलं. चित्रात चंद्रकोरीकडे बाण, बाणाशी नाव, ‘शटल’. चाळीस वर्षांनी बायकोचं खरं नाव कळावं तसा मामांचा चेहरा झाला.

“आणि मॉडेल नंबर?” मामींनी विचारलं.

नंबर झिजून गेला होता. पण इथे मामा मामाच. त्यांनी मशीनच्या तळावर खडू घासला, बोटानं पुसला. खाचांतले आकडे पांढरे उमटले. मामींनी ‘शिलाई मशीन शटल’ आणि पुढे तो नंबर, एवढंच लिहिलं. नऊ वस्तू आल्या. ‘दोन दिवसांत पोच’ यावर टिचकी मारली, तीन उरल्या.

बुधवारी शटल आलं. शनिवारी दुपारी अठरा कोट दांडीवर होते आणि मुख्याध्यापक पुढच्या वर्षीच्या गणवेशांचं बोलून गेले. माझ्या पँटला मात्र अजून मुहूर्त नाही.

मामांनी खूश होऊन वेबसाइटवर अभिप्राय लिहिला, ‘चंद्रकोर एकदम बरोबर बसली.’ परवा मामींनी गंमत म्हणून तिथे पुन्हा ‘चंद्रकोर’ शोधलं. आधी दिवे, मग उशा, आणि सगळ्यात खाली ते शटल.

“बघ,” मामा म्हणाले, “शिकलं की नाही शेवटी?”