सहा मिनिटांचे सर

आमचे हे कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे. शिकवायचे कसले, मुलांच्या मानगुटीवरच बसायचे. एखाद्याच्या कपाळावर आठी दिसली की गाडी तिथेच थांबली. तोच मुद्दा वेगळ्या उदाहरणाने परत, तरी कळलं नाही तर तिसऱ्यांदा. अभ्यासक्रम कधी वेळेत संपला नाही. दरवर्षी जादा तास, आणि घरी जेवण गार. प्राचार्य म्हणायचे, "सर, जरा पुढे सरका." हे म्हणायचे, "मुलं मागे राहिलीत, मी एकटा पुढे जाऊन काय करू?" आणि घरी येऊन हे मला मोठ्या तोऱ्यात सांगायचे. मी म्हणायचे, "तुमची बढती अडली ती उगाच नाही."

मग कॉलेजात ते प्रशिक्षण आलं. धड्याचा व्हिडिओ करून पोर्टलवर टाकायचा, मुलांनी तो घरी बघायचा आणि वर्गातला वेळ शंकांना द्यायचा, अशी नवी पद्धत. शिकवायला आलेल्या मॅडम वयाने आमच्या मुलीएवढ्या. त्यांनी ह्यांना कॅमेऱ्यासमोर उभं केलं, तर ह्यांची दातखीळच बसली! घरी येऊन चिडचिड, "समोर तोंडच नाही कुणाचं. मी काय भिंतीला शिकवू?" पण शंकांना अख्खा तास मिळणार म्हणून स्वारी मनातून खूश होती. कबूल तेवढं करायचं नव्हतं.

त्याच सुमाराला ह्यांचा घसा बसला. बसला तो उठेचना. गुळण्या झाल्या, औषधं झाली, शेवटी मोठ्या डॉक्टरांनी सरळच सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज राहणार नाही. मी तिथेच रडायला लागले. आणि ह्यांनी विचारलं काय, तर "सत्र संपेपर्यंत थांबता येईल का?" डॉक्टर भडकले, मीही भडकले. अहो, इथे जिवाशी गाठ, आणि ह्या माणसाला मुलांच्या परीक्षेची पडलेली!

थांबता येणार नव्हतंच. ऑपरेशनची तारीख येईपर्यंत जमतील तेवढे धडे रेकॉर्ड करायचे ठरले. प्राचार्यांनी शब्द दिला, "वर्गात तुमचा व्हिडिओ लावू, तुम्ही फळ्यापाशी उभे राहा. वर्ग तुमचाच." त्या एका शब्दावर ह्यांनी धीर धरला. ह्यांना दुसरं काही नको होतं हो. वर्ग सुटू नये, बस.

पण कॅमेरा सुरू झाला की जीभ जड. शेवटी त्या प्रशिक्षणवाल्या मॅडमनीच तोड काढली. "सर, काकूंना समोर बसवा," म्हणाल्या. मला! शाळेत विज्ञानात काठावर पास झालेली बाई मी. पण बसले. कॉलेजातल्या एका लहानशा खोलीत, खिडक्यांना जाड पडदे, पंखा बंद, कारण त्याचा आवाज येतो. घामाच्या धारा लागलेल्या, आणि हे फक्त माझ्याकडे बघून बोलायचे. ह्यांनी मला इतका वेळ सलग बघितल्याचं आठवत नाही, लग्न ठरवताना धरून.

लिफ्टचा धडा होता. लिफ्ट खाली जायला सुटते तेव्हा आत ठेवलेला वजनकाटा कमी वजन दाखवतो. मी म्हटलं, "मग मी रोज लिफ्टनेच उतरते, बारीक तरी होईन." हे हसले, हसता हसता खोकले. मग म्हणाले, लिफ्टचा वेग एकसारखा झाला की काटा पुन्हा खरं वजन दाखवतो. समजलं? मी म्हटलं, "नाही. लिफ्ट खालीच जाते आहे ना अजून? मग वजन परत कुठून आलं?" ह्यांचा चेहरा असा उजळला! पाणी प्यायले आणि परत सुरुवात केली. पायाखालची जमीन निसटायला लागते तेव्हा ती तुम्हाला कमी रेटते. पण तुम्ही आणि जमीन एकाच चालीने निघालात की रेटा पूर्वीसारखा. तरी मी नाहीच म्हटलं. तिसऱ्यांदा, आवाज पार चिरका झालेला, तरी बसचं उदाहरण दिलं. बस सुटताना धक्का बसतो, पण एकदा चालीला लागली की आपण डुलक्या घेतो. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी ओरडलेच, "अहो, कळलं!" हे म्हणाले, "छान. आता पुढचं." असे सगळे धडे झाले. शेवटच्या दिवशी आवाज म्हणजे नुसती हवा राहिली होती.

ऑपरेशन झालं. गळ्याला भोक, त्यावर पातळ कापड, खिशात छोटी वही आणि पेन. बरे झाल्यावर पहिल्या तासाला मीही गेले, मागच्या बाकावर बसले. पडद्यावर हे दिसले, आवाज घुमला. तो आवाज मी आता फक्त असाच ऐकणार होते.

लिफ्ट सुटली, काटा कमी झाला, वेग एकसारखा झाला, वजन परत आलं. "समजलं?" पडद्यावरच्या ह्यांनी विचारलं. मी माझं 'नाही' ऐकायला कान टवकारले. पण पडद्यावरचे हे लगेच म्हणाले, "छान. आता पुढचं."

माझा कानांवर विश्वास बसेना. तेवढ्यात पुढच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "सर, लिफ्ट खालीच जाते आहे, मग वजन परत कसं येईल?" अगदी माझीच शंका! हे धावले, व्हिडिओ थांबवला, फळ्यावर बाण काढले, समीकरण लिहिलं, ते पुसून बस काढली. मग गुडघ्यात वाकून दाखवलं. दोघंतिघं हसली. गळ्यावरचं कापड वरखाली होत होतं, तोंड उघडत होतं, मिटत होतं. मी उठले, म्हटलं, "अगं, बस सुटताना कसं..." आणि पुढे मला हुंदकाच आला. ती पोर घाबरली. हळूच म्हणाली, "असू दे सर, मी नेटवर बघेन. तुम्ही नका त्रास करून घेऊ."

तिचा काय दोष? तिला दया आली. पण हे खडू हातात धरून तसेच उभे राहिले, तास संपला तरी.

मी तडक कॉलेजातल्या व्हिडिओ कापून जोडणाऱ्या मुलाकडे गेले, त्याला फैलावर घेतलं. तो बिचारा गोंधळला. "काकू, नियमच आहे, सहा मिनिटांपेक्षा जास्त मुलं बघत नाहीत. तेच तेच परत आलेलं आणि तुमचं बोलणं मी काढून टाकलं. किती स्वच्छ झालंय बघा ना!" मूळचं कुठे आहे विचारलं, तर जागा पुरत नाही म्हणून पुसलेलं. त्याने मन लावून काम केलं होतं, हेच तर वाईट.

परत आले तर हे प्राचार्यांच्या खोलीत. वर्ग सोडतो, असं लिहून दिलेलं. प्राचार्य कळवळून समजावत होते, "सर, असं काय करता? व्हिडिओ आहेत की तुमचे. तुम्ही नुसतं येऊन उभे राहा."

ह्यांनी पेन काढलं, लिहिलं, "मग मी कशाला?"

प्राचार्यांनी वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. मी ह्यांचा हात धरला आणि आम्ही जिना उतरून घरी आलो.